पेडलने सूर उतरतो, तार तशीच राहते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गिटारच्या इफेक्ट पेडलांवर लेख आला. मराठी वर्तमानपत्रात हा विषय सहसा दिसत नाही, म्हणून आधी आभार. मात्र ‘पिच शिफ्टर पेडल घेतले की गिटार खालच्या ट्यूनिंगला लावायची गरजच उरत नाही’ हे त्यातले विधान अर्धेच खरे आहे, आणि त्या भरवशावर नवे वादक पैसे घालतील म्हणून हे पत्र. पिच शिफ्टर म्हणजे तारा तशाच ठेवून गिटारचा सूर यंत्राने सरकवणारे पेडल. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधे पट्टी बदलायला ते उत्तम. ज्याचे सगळेच वादन कायम खालच्या पट्टीत चालते, त्याला मात्र जाड तारा आणि त्या तारांसाठी नीट सेट केलेली गिटारच लागते.

गिटार प्रत्यक्ष उतरवली की काय होते ते आधी पाहू. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सर्वांत जाड तार ई, म्हणजे पांढरी तीन, ८२.४ हर्ट्झवर असते. एक सेमीटोन (हार्मोनियमवर पांढरी तीनवरून काळी दोनवर यावे तेवढे अंतर) उतरायचे तर कंपनसंख्येला ०.९४४ ने गुणायचे. दोन सेमीटोन उतरलो की डी येतो, ७३.४ हर्ट्झ, चार उतरलो की सी, ६५.४, पाच उतरलो की बी, ६१.७. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे सूर थोडा उतरला तरी ताण बराच पडतो: दोन सेमीटोनला सुमारे २१ टक्के, पाचला ४४ टक्के. १०–४६ जाडीचा सेट (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) आणि २५.५ इंचांची स्केल (तारेची वाजणारी लांबी) असलेल्या गिटारवर सहाही तारांचा मिळून ताण ४७ किलोच्या आसपास असतो. दोन सेमीटोन उतरल्यावर तो ३७ किलो उरतो, पाच उतरल्यावर २६.

हा ताण गेला की मानेतला ट्रस रॉड (तारांच्या ओढीविरुद्ध मान सरळ ठेवणारी धातूची सळी) वरचढ होतो. मान मागे झुकते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा खरखरू लागतात. सैल तार जोरात छेडली तर सूर क्षणभर वर चढून मग जागेवर येतो, आणि डाव्या हाताचा दाब जरा जास्त झाला तरी कॉर्ड बेसूर होते. फ्लॉइड रोजसारखा तरंगता ब्रिज असेल तर मागच्या स्प्रिंगा उरलेल्या ताणापेक्षा जास्त ओढतात, ब्रिज मागे कलतो आणि एक तार लावावी तर बाकीच्या पाच हलतात. अशी गिटार दोन गाण्यांच्या मधल्या वेळात उतरवणे कुणालाच जमत नाही.

कायमचा उपाय जाडीचा. ताण तोच ठेवायचा असेल तर दर सेमीटोनमागे तारेची जाडी साधारण सहा टक्क्यांनी वाढवावी लागते. १०–४६ वाल्याने डी ट्यूनिंगसाठी ११–५२ च्या आसपासचा सेट घ्यावा. बीसाठी हिशेब १३–६२ पर्यंत जातो, आणि बॅरिटोन गिटारसाठी (खालच्या ट्यूनिंगसाठीच बनवलेल्या लांब गिटारसाठी) त्या जाडीचे सेट मिळतातही. पण ६२ ची तार ४६ साठी कापलेल्या नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत बसत नाही. ती वर तरंगते किंवा चिमटली जाते, आणि खुंटी फिरवताना ‘टिक’ असा आवाज करत सूर टप्प्याटप्प्याने उडी मारतो. खाच योग्य जाडीच्या कानशीने रुंद करावी, आणि तळ खुंटीच्या बाजूला किंचित उतरता ठेवावा. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये. मान स्थिरावू द्यावी आणि मग पुन्हा पाहावे. शेवटी सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे सरकवून बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेच्या अष्टकाशी जुळवावा. २४.७५ इंच स्केलच्या गिटारवर बीपर्यंत उतरताना कधीकधी सॅडलला मागे जायला जागाच उरत नाही. बॅरिटोन गिटारची स्केल २७ इंच किंवा त्याहून जास्त का ठेवतात, ते अशा वेळी कळते. नटची खाच एकदा रुंद केली की जुना १०–४६ सेट तिच्यात सैल बसतो, म्हणून हे काम त्या एका ट्यूनिंगला वाहिलेल्या गिटारवरच करावे.

या सगळ्या खटपटीला बगल देते म्हणून पेडल आकर्षक वाटते. ते स्केल चेंजर हार्मोनियमसारखे आहे: बोटांची जागा तीच, येणारा सूर दुसरा. फरक इतकाच की हार्मोनियममध्ये खरे सूर वाजतात आणि पेडल ते तयार करते.

तयार कसे करते? टेप हळू फिरवली की सूर उतरतो, पण गाणेही लांबते. ते न लांबवता सूर उतरवायचा म्हणजे आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे कापायचे, प्रत्येक तुकडा ताणायचा आणि कडा एकमेकींवर चढवून पुन्हा जोडायचे. १९७५ मध्ये आलेल्या इव्हेंटाइड एच ९१० मध्ये हे सांधे चक्क ऐकू येत. १९८९ च्या डिजिटेक व्हॅमीने ही करामत पायाखाली आणली, पण एका वेळी एकच सूर वाजवला तर ती साफ चाले. कॉर्ड वाजवली की आवाज गटांगळ्या खाई. सहाही तारा एकत्र उतरवता येणारी पॉलिफोनिक पेडले पुढे आली. डिजिटेक ड्रॉपमध्ये एक ते सात सेमीटोन, अष्टक आणि अष्टकासोबत मूळ आवाज अशा जागा आहेत. लाइन ६ च्या हेलिक्समध्ये २०२० च्या अपडेटपासून ‘पॉली कॅपो’ आहे. आजच्या बहुतेक मोठ्या मॉडेलरांत (अँप्लिफायर, म्हणजे अँप, आणि पेडले यांची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रांत) आणि लॅपटॉपवरच्या अँप प्लगइनांत ट्रान्सपोजची सोय असते.

यात एक अडचण भौतिकशास्त्राचीच आहे, ती कुठल्याही कंपनीला टाळता येत नाही. ८२.४ हर्ट्झच्या एका कंपनाला १२ मिलिसेकंद लागतात. सूर कोणता हे ठरवायला यंत्राला निदान एक-दोन कंपने ऐकावी लागतात, म्हणजे खालच्या तारेवर उशीर अटळ. बऱ्याच पेडलांत तो १० ते ३० मिलिसेकंदांच्या घरात असतो. आवाज हवेत १० मिलिसेकंदांत जवळपास साडेतीन मीटर जातो, म्हणजे अँपपासून चार पावले लांब उभे राहिल्याइतका हा उशीर. एवढ्याने बिघडत नाही. बिघडते ते बेरजेने: डिजिटल वायरलेस, त्यापुढे हे पेडल, त्यापुढे मॉडेलर, मग डिजिटल मिक्सर आणि वरून अँप लांब. १६० च्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले की प्रत्येक भाग ९४ मिलिसेकंदांचा होतो. त्यात ३० मिलिसेकंद हरवले की वादक नकळत घाई करू लागतो आणि ड्रमर त्याच्याकडे वळून पाहतो. साखळीत हे पेडल असेल तर निदान वायरलेस काढून केबल लावावी.

उशीर मोजणे सोपे आहे. गिटारचा सिग्नल दोन वाटांत फोडा. एक वाट थेट ऑडिओ इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला, दुसरी पेडलमधून दुसऱ्या इनपुटला. ४८,००० च्या सॅम्पल रेटवर जाड तार एकदाच ठक्कन छेडून रेकॉर्ड करा आणि दोन ट्रॅकांवरल्या सुरुवातींमधले सॅम्पल मोजा. ४८० सॅम्पल म्हणजे १० मिलिसेकंद. पेडल बंद ठेवून हेच पुन्हा केले की मोजणीतली चूकही कळते.

दुसरी अडचण घरी सरावाला बसल्यावर लगेच जाणवते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा स्वतःही वाजतात. अँप हळू असेल तर एका कानाला तारेचा ई आणि दुसऱ्याला अँपचा ई फ्लॅट ऐकू येतो. एका सेमीटोनचे हे भांडण असह्य असते, आणि पुष्कळ जण ‘पेडल बेसूर आहे’ म्हणून ते परत करतात. कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा किंवा अँपचा आवाज तारांवर मात करील इतका ठेवा, एवढाच इलाज. अकूस्टिक गिटारवर मात्र तोही चालत नाही, कारण तिची पेटी मूळ पट्टीतच घुमत राहते. गाणाऱ्याचा माइक शेजारी असेल तर तो मूळ सूर स्पीकरमधूनही येतो. अकूस्टिकवर खाली जायचे तर तारा उतरवाव्यात; वर जायचे तर कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा.

फीडबॅकवर लांबवलेले सूर हवे असणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे. अँपमधून येणारा सूर तारेच्या सुरापेक्षा खालचा असतो. तो तारेला हलवतो तेव्हा त्याची पुन्हा खालची आवृत्ती बाहेर पडते, त्यामुळे चक्र एका सुरावर स्थिरावत नाही. सभागृहातली शिट्टी रोखणारी काही यंत्रे आवाज काही हर्ट्झ सरकवून नेमका हाच फायदा घेतात. सोलो वाजवणाऱ्याला मात्र तो तोटा.

आता साखळीतली जागा. पिच पेडल डिस्टॉर्शनच्या (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलच्या) आधी, शक्यतो सर्वांत पुढे ठेवावे. डिस्टॉर्शन एका कॉर्डमधून असंख्य नवे सूर निर्माण करते. ते सगळे ओळखून सरकवताना यंत्र गोंधळते आणि आवाज चिखल होतो. ट्यूनर मात्र पिच पेडलच्याही आधी, कारण गिटार मूळ पट्टीतच चोख लागलेली हवी. पेडल सगळ्या सुरांना एकाच गुणोत्तराने गुणते, म्हणून तार ८ सेंटनी (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढी असेल तर उतरलेला सूरही ८ सेंटनी चढाच येतो. पेडलने गिटार सुरात येत नाही. नॉइज गेट (वादन थांबले की खरखर बंद करणारे पेडल) पिच पेडलच्या नंतर, डिस्टॉर्शनच्या आधी. जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम फझला (हाही डिस्टॉर्शनचाच एक प्रकार) गिटारची थेट जोड हवी असते. मधे बफर (सिग्नल जोरकस करून पुढे पाठवणारे सर्किट) असलेले पेडल आले की तो किरकिरा वाजतो. फझ पुढे ठेवावा तर पिच पेडल गोंधळते. यात तडजोडच आहे, आणि आमच्या मते अशा गाण्यांना फझ वगळून दुसरे डिस्टॉर्शन वापरणे शहाणपणाचे.

जास्त आउटपुटचे पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारे भाग), विशेषतः बॅटरीवरचे, काही पेडलांचे इनपुट भरून टाकतात. खालच्या तारेवर तळहात टेकवून जोरात वाजवले की फटाक्यासारखी तडतड येते ती हीच. पिकअप तारांपासून थोडा खाली करावा किंवा गिटारचा व्हॉल्यूम ८ वर आणावा. अडॉप्टरच्या बाबतीत पेडलवर लिहिलेला मिलिअँपचा आकडा पाहिल्याशिवाय काही जोडू नये. डिजिटल पेडलला ओव्हरड्राइव्हपेक्षा कितीतरी जास्त करंट लागतो, आणि एकाच अडॉप्टरमधून माळ लावून पाच पेडले चालवली की बारीक शिट्टी ऐकू येते. वेगवेगळे आउटपुट असलेला पॉवर सप्लाय घ्यावा.

किती उतरावे? एक-दोन सेमीटोनपर्यंत सभागृहातल्या श्रोत्याला फरक कळत नाही, वादकाला बोटांखाली किंचित कळतो. तीन-चारवर डिस्टॉर्शनच्या ऱ्हिदमला चालते, पण स्वच्छ आवाजात सहा तारांची कॉर्ड लांबवली की ती पाण्यातून आल्यासारखी डुलते. पाच-सातवर प्लेक्ट्रमचा (तार छेडायच्या पातीचा) घाव बोथट होतो, कारण यंत्र सुराबरोबर घावाचा खणखणीतपणाही खाली सरकवते. अँपवर गेन थोडा कमी करून २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल वाढवले तर घाव काहीसा परत येतो. ७०-८० हर्ट्झच्या खालचे कापून टाकावे, ती जागा बास गिटारची. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयॉमीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तारा तीन सेमीटोन सैल करून जो जड आवाज काढला, त्यात सैल तारेचे थरथरणेही होते. ते पेडलमध्ये मिळत नाही, कारण पेडलला तारेचा ताण माहीतच नसतो.

लेखात ‘ड्रॉप डी बटणावर मिळते’ असेही म्हटले आहे. ते चूक. ड्रॉप डीमध्ये फक्त सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार दोन सेमीटोन उतरते, आणि साधे पॉलिफोनिक पेडल सहाही तारा सारख्याच उतरवते. योग्य रीत अशी: सहावी तार खुंटीने खरोखर डीला आणावी आणि मग पेडल लावावे. एकवर ड्रॉप सी शार्प मिळतो, दोनवर ड्रॉप सी, तीनवर ड्रॉप बी, पाचवर ड्रॉप ए. प्रत्येक तार स्वतंत्र उतरवायची असेल तर प्रत्येक तारेचा स्वतंत्र पिकअप लागतो. रोलंडने १९९५ मध्ये व्हीजी-८ हे यंत्र आणले ते याच तत्त्वावर, आणि लाइन ६ च्या व्हेरिअॅक्स गिटारीत हे पिकअप ब्रिजमध्येच असतात. रोलंडच्या जीके-३ सारखा, बाहेरून लावायचा वेगळा पिकअप बसवताना शेवटचा फ्रेट दाबून तारा आणि पिकअप यांत साधारण १ मिलिमीटर अंतर ठेवावे. अंतर जास्त झाले तर शेजारच्या तारेचा आवाज आत शिरतो आणि एकाच तारेचे दोन सूर ऐकू येतात.

या पेडलाचा खरा उपयोग आमच्या मते मेटल बँडपेक्षा आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात आहे, आणि लेखात नेमका त्याचाच उल्लेख नाही. गायक आयत्या वेळी ‘आज आवाज बसलाय, काळी एकमध्ये घेऊ’ म्हणतो. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचे बटण दाबतो. हार्मोनियमवाला पट्टी बदलतो. गिटारवाल्याचा मूळ पीस पांढरी तीनमध्ये मोकळ्या तारांवर बसवलेला असतो. कॅपो फक्त वर नेतो, खाली नाही. इथे पेडल तीनवर ठेवून तोच पीस त्याच बोटांनी वाजतो. कार्यक्रमाच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढे गायकाची पट्टी आणि पेडलचा आकडा दोन्ही लिहून ठेवावे: ‘काळी एक, ३’ असे. निम्म्याहून जास्त गाणी काळी दोनमध्ये असतील तर गिटारच एक सेमीटोन उतरवून लावावी आणि पेडल उरलेल्या गाण्यांसाठी ठेवावे. सरकवायचे अंतर जितके कमी, तितका आवाज खरा. पेडलवर क्षणिक आणि कायम असा खटका असेल तर तो कार्यक्रमापूर्वी ‘कायम’वर आहे ना ते पाहावे. क्षणिकवर राहिला तर पाय उचलताच पट्टी परत मूळ जागी जाते, आणि तेही गाण्याच्या मध्यावर.

बास गिटारवाल्याने हाच उपाय करू नये. त्याच्या ई तारेचे एक कंपन २४ मिलिसेकंदांचे, म्हणजे उशीर गिटारच्या दुप्पट, आणि ताल तर त्याच्याच हातात. त्याने पाच तारांची बास घ्यावी. तिच्यात खालचा बी आधीच आहे.

दुकानात तपासताना स्वतःची गिटार न्यावी आणि ट्यूनरवर चोख लावावी. अँप स्वच्छ आवाजावर, पेडल दोनवर. मोकळ्या तारांची पूर्ण कॉर्ड पाच-सहा सेकंद सोडून द्यावी आणि शेवटच्या दोन सेकंदांत डुलते का ते ऐकावे. सुरुवातीला सगळीच पेडले चांगली वाजतात. मग खालच्या तारेवर जलद, तुटक स्ट्रोक वाजवावेत, अँपकडे पाठ करून; उशीर डोळ्यांपेक्षा हातांना आधी कळतो. शेवटी पेडल चालू-बंद करून आवाजाची पातळी सारखी राहते का पाहावे. चालू केल्यावर आवाज थोडा वाढला तर कानाला तो ‘चांगला’ वाटतो आणि फसगत होते.

रेकॉर्डिंगचा प्रश्न वेगळा आहे. तिथे यंत्राला आधी ऐकून मग उतरवायची मुभा असते, म्हणून सॉफ्टवेअर पेडलपेक्षा साफ काम करते. मात्र उतरवायचा तो कोरा, थेट गिटारचा ट्रॅक. अँप आणि डिस्टॉर्शन त्यानंतर लावावे. म्हणून स्टुडिओत अँपच्या माइकबरोबर कोरा ट्रॅकही नेहमी घेऊन ठेवावा. डाव्या-उजव्या बाजूला दोनदा वाजवलेली ऱ्हिदम गिटार असेल तर दोन्ही ट्रॅक जाड तारांच्या गिटारवरच घ्यावेत. सरकवलेल्या दोन ट्रॅकांतले डुलणे एकत्र आले की मिक्समध्ये ते काढता येत नाही.

आपले,
ध्वनिव्यवस्था व गिटार दुरुस्ती करणारे काही वाचक, पुणे